घरी येतं, पेपरात चुकतं: गणितातली गळती कशी शोधायची

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी पुन्हापुन्हा घडत असतील तर पुढचं वाचा.

- स्वाध्यायातली सगळी उदाहरणं बरोबर, पण त्याच धड्यावरच्या चाचणीत निम्मेच गुण.
- पेपर घरी आला की मूल तेच उदाहरण दोन मिनिटांत सोडवून दाखवतं आणि 'सिली मिस्टेक झाली' म्हणून मोकळं होतं.
- सोडवताना प्रत्येक पायरीला मान वर करून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं.
- शाब्दिक उदाहरण वाचल्यावर पहिला प्रश्न: 'यात गुणायचं का भागायचं?'
- पाढा धडाधड म्हणतं, पण 'सात आठे किती?' विचारलं की 'सात एके सात'पासून सुरुवात करतं.
- पेपर कधीच वेळेत पूर्ण होत नाही.

अशा वेळी बहुतेक घरांत निदान ठरलेलं असतं: सराव कमी पडतोय, नाहीतर लक्ष नसतं. मग रोज वीस उदाहरणं वाढतात. हे अंगाशी येतं. मूल चुकीच्या रीतीने वजाबाकी करत असेल तर वीस उदाहरणांत ती चुकीची रीतच वीस वेळा गिरवली जाते. म्हणून आधी गळती शोधायची आणि मग सराव द्यायचा.

तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या दोन एका संध्याकाळी होतात. क्रम मोडू नका. 'पायाच कच्चा आहे' असं ठरवून दोन इयत्ता मागे नेलेल्या मुलाची खरी अडचण कधीकधी एवढीच असते, की त्याने लिहिलेला सहा त्यालाच शून्य वाटतो.

सुरू करण्याआधी दोन कामं करा. मागचे तीन पेपर आणि चालू वही काढून ठेवा. आणि खोडरबर दोन आठवडे कपाटात टाका. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं. पुढची जवळजवळ सगळी तपासणी चुकलेल्या उत्तरांवर चालते. ती खोडली की हातात काही उरत नाही.

१. कागद, अक्षर, डोळे

वहीतली लांब बेरीज किंवा गुणाकार बघा. एककाखाली एकक, दशकाखाली दशक येतंय का? अंक तिरके घसरत असतील तर चौकटींची वही द्या, एका चौकटीत एकच अंक. ती नसेल तर साधी रेघांची वही आडवी धरा. रेघा उभ्या झाल्या की स्थानांचे रकाने तयार. निव्वळ एवढ्याने थांबणाऱ्या चुका कमी नसतात.

मग अंकांची अक्षरं. १ आणि ९, ५ आणि ६, ० आणि ६ यांत मुलाचं स्वतःचं अक्षर त्यालाच फसवतं. दोन्ही लिप्यांतले अंक वापरणाऱ्या मुलांचा आणखी एक खास घोटाळा आहे: देवनागरी चार आणि इंग्रजी आठ जवळपास एकाच आकाराचे. कच्च्या कामात एक लिपी आणि पक्क्यात दुसरी, असं होत असेल तर सगळीकडे शाळेत चालते तीच लिपी ठेवा.

शेवटी, पेपरातली गणितं प्रश्नपत्रिकेशी ताडून बघा. उदाहरणच चुकीचं उतरवलं असेल, विशेषतः फळ्यावरून, तर डोळे तपासून घ्या. मूल डोळे बारीक करून बघत असेल किंवा पुस्तक नाकाजवळ धरत असेल तर बाकी तपासण्या थांबवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

२. दहा संख्यांचं श्रुतलेखन

दोन मिनिटांचं काम, पण मराठीत मोजणाऱ्या मुलासाठी हे टाळू नका. एकेक संख्या सांगा, मूल अंकांत लिहील: एकोणसाठ, त्रेपन्न, पस्तीस, सदुसष्ट, शहात्तर, एकोणऐंशी, एकशे सात, दोनशे चाळीस, तीन हजार चाळीस, सहा हजार पाच.

त्रेपन्न ऐकून ३५ लिहिलं तर मूल कानाच्या क्रमाने लिहितंय. आपल्या भाषेत एकक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दशक आधी लागतो, त्यामुळे ही उलटापालट होते. एकोणसाठचे ६९ झाले तर त्याने फक्त 'साठ' पकडला. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी फोडून सांगितलेलं नाही. तीन हजार चाळीसचे ३०००४० म्हणजे ऐकलं तसं लिहिलं, आणि ३४० म्हणजे रिकामं स्थान शून्याने राखायचं असतं हे उमगलेलं नाही.

उपाय साधा आहे. दोन आठवडे हिशेब करताना संख्या फोडून म्हणायची: सदुसष्ट म्हणजे साठ आणि सात, एकोणऐंशी म्हणजे सत्तर आणि नऊ. शाळेत इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाशी घरी गणित बोलताना ते मनात ज्या भाषेत मोजतं तीच भाषा वापरा. गणित आणि भाषांतर ही दोन कामं एका वेळी नकोत.

३. न बोलता घेतलेली चाचणी

'घरी येतं' हे खरं आहे का, ते इथे कळतं. तीन वेगवेगळ्या धड्यांतली दोन-दोन उदाहरणं निवडा; एक धडा दोन महिन्यांपूर्वीचा असू द्या. धड्याचं नाव न लिहिता ती कोऱ्या कागदावर सरमिसळ करून उतरवा. आदल्या दिवशी त्यांची उजळणी नको. पंचवीस मिनिटं द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.

दुसऱ्या खोलीत बसणं महत्त्वाचं. शेजारी बसलेला पालक नकळत बरंच सोडवत असतो. 'बघ बरं नीट' म्हणजे इथे चूक आहे. 'हं' म्हणजे बरोबर. गप्प राहिलात तरी भुवई बोलते. पेपरात ती भुवई नसते.

निकाल तीन प्रकारे लागतो.

सहापैकी पाच-सहा बरोबर आली तर ज्ञान जागेवर आहे. सहाव्या तपासणीकडे जा.

सुरुवातच होत नसेल, भलतीच रीत लावली असेल, तर अडचण रीत निवडण्याची आहे. स्वाध्यायात वर लिहिलेलं असतं 'लसावि', मग खालची दहाही उदाहरणं लसाविची. मुलाला तिथे निवडावं लागतच नाही. पेपरात मात्र पहिलं काम तेच असतं. त्यावर एक व्यायाम: मिसळलेली दहा उदाहरणं द्या आणि एकही सोडवू नका. प्रत्येकाला फक्त 'कोणती रीत, आणि कशावरून' एवढंच सांगायचं. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. शिवाय रोजच्या सरावाची घडी बदला: चार उदाहरणं, त्यांतली दोन आजच्या धड्याची, एक मागच्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं. सुरुवातीला चुका वाढल्यासारख्या वाटतील. घाबरून पुन्हा एकाच प्रकारच्या उदाहरणांकडे वळू नका.

सगळी उदाहरणं करून पाहिली, पण उत्तरं चुकली असतील तर पुढे वाचा.

४. चुकीचं उत्तर वाचा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. मुलं सहसा वाटेल तसं चुकत नाहीत. त्यांची एक पक्की, पण चुकीची रीत असते आणि ती प्रत्येक वेळी तसंच चुकीचं उत्तर देते. ४०३ − १७८ घ्या. बरोबर उत्तर २२५.

उत्तर ३७५ आलं: प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केलंय, वर कोण खाली कोण हे न बघता. ८ − ३, ७ − ०, ४ − १. या मुलाला हातचा घेणं कळलेलंच नाही.

उत्तर २७५ आलं: हातचा घेता येतो, पण दशकाच्या जागी शून्य दिसल्यावर तो ओलांडून शतकातून थेट एककाला दिला. दशक शून्यच राहिला, मग पुन्हा ७ − ०.

उत्तर २३५ आलं: जवळजवळ सगळं येतंय. शतक मोडून दहा दशक आणले, त्यातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायचे राहिले.

तिन्हीवर लाल फुली सारखीच पडते, उपाय मात्र तीन. पहिल्याला सुट्या काड्या आणि दहा-दहांच्या जुड्या द्या. ५२ − २७ करताना एक जुडी स्वतःच्या हाताने सोडू द्या. दुसऱ्याला दहा जुड्यांचा एक गठ्ठा लागेल, म्हणजे शतकातून थेट सुटी काडी निघत नाही हे दिसेल. तिसऱ्याला नवीन काही शिकवायला नको. वरचा अंक खोडून नवा लिहिण्याची शिस्त पुरे. या तिसऱ्याला पहिल्यापासून सगळं समजावत बसलात तर ते कंटाळतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

नेहमी भेटणारी आणखी काही उत्तरं:

- ४८ + ३७ = ७१५ (पंधरा अख्खे एककात लिहिले) किंवा ७५ (हातचा विसरला).
- २४ × १३ = ९६. दुसऱ्या ओळीत एक दशक स्थान सरकायचं राहिलं. ७२ + २४ झालं, हवं होतं ७२ + २४०.
- ८१६ ÷ ८ = १२. मधला शून्य गिळला. '८०० ला ८ ने भागलं तरी १०० येतात, मग १२ कसे?' एवढा एक प्रश्न पुरतो.
- १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. समच्छेदाची रीत पुन्हा सांगण्याआधी विचारा: २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी का जास्त? अर्ध्यात भर घालून अर्ध्यापेक्षा कमी उरलं, हे खटकलं पाहिजे.
- ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं. कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ०.४ ला ०.४० लिहून दाखवा, आणि तुम्ही स्वतः 'शून्य पॉइंट पस्तीस' म्हणणं सोडा. 'तीन पाच' म्हणा.
- २क्ष + ६ = १४ यावरून २क्ष = ८ आणि मग क्ष = ६. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे पाठ केल्याचं फळ: गुणणारा २ सुद्धा वजा होऊन पलीकडे गेला. दोन्ही बाजूंना तेच करायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना २ ने भागायचं, असं म्हणायला लावा आणि उत्तर मूळ समीकरणात घालून बघायची सवय लावा.
- (अ + ब)² = अ² + ब². अ = २, ब = ३ घालून बघ म्हणा. एकीकडे २५, दुसरीकडे १३.

बरोबरच्या चिन्हाची वेगळी परीक्षा घ्या. ८ + ४ = ☐ + ५ असं लिहून द्या. चौकटीत १२ किंवा १७ आले तर त्या मुलाला '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं वाटतं. हवे ७. वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५ अशी आगगाडी दिसते तीही याच समजुतीतून. प्राथमिक वर्गात ही चूक खपून जाते, कारण शेवटचा आकडा बरोबर असतो. समीकरणं सुरू झाली की तीच नडते.

चूक ओळखली तरी लगेच सांगून टाकू नका. 'हे कसं काढलंस, मला सांग' म्हणा आणि मध्ये तोंड घालू नका. बरोबर आलेल्या उत्तरांनाही हाच प्रश्न विचारा. फक्त चुकल्यावर विचारलंत तर आठवड्याभरात 'कसं काढलंस?' म्हणजे 'चुकलंय' हे मुलाला कळतं आणि ते सांगण्याऐवजी खोडायला लागतं. दुरुस्ती झाल्यावर त्याच जातीचं एक उदाहरण दुसऱ्या दिवशी, एक तीन दिवसांनी, एक आठवड्याने आणि एक तीन आठवड्यांनी द्या. त्याच बैठकीत लागोपाठ बरोबर आलेल्या पाच उदाहरणांवर विश्वास ठेवू नका.

एक पथ्य: तुमच्या वेळची भागाकाराची मांडणी आणि शाळेतली मांडणी वेगळी असेल तर शाळेतलीच चालू द्या. 'तुमची रीत मला शिकव' म्हटलंत तर तुम्हालाही कळेल आणि मुलाची उजळणीही होईल.

५. पाढे: म्हणता येतात की आठवतात?

क्रम मोडून पंधरा गुणाकार तोंडी विचारा. तीन सेकंदांच्या आत आलं तर पक्कं. त्याहून वेळ लागला तर ते मोजून काढलेलं, बरोबर असलं तरी. एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरता येतात. लांब भागाकारात 'सात सक किती' हेच शोधण्यात मन गुंतलं तर आपण कुठल्या पायरीवर होतो हे निसटतं. पुष्कळशा 'सिली मिस्टेक' इथे जन्मतात, आणि पेपर अपुरा राहतो तोही यामुळेच.

काम वाटतं तेवढं मोठं नाही. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार. त्यांतले १, २, ५ आणि १० चे सहसा येतात. उरलेल्यांत ६ × ८ आणि ८ × ६ एकच धरले तर फक्त २१ राहतात. नऊच्या पाढ्याला दहापटीतून एकदा वजा करायची युक्ती शिकवली (९ × ७ म्हणजे ७० − ७) तर पाठ करायचे पंधरा. एका चिठ्ठीवर एक, आठवड्याला तीन नवे, रोज तीन-चार मिनिटं. न आलेला पाचच्या पाढ्यावरून काढता येतोच: ६ × ८ अडला तर ५ × ८ = ४० आणि वर ८.

घड्याळ लावून शर्यत मात्र नको. धास्तावलेल्या मुलाला येणारेही आठवेनासे होतात.

६. शाब्दिक उदाहरणं आणि परीक्षेचा ताण

'एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी' अशी खूणगाठ शिकवली असेल तर ती मोडून काढा. हे द्या: 'मीनाकडे १२ पेन्सिली आहेत. त्या राजूकडच्या पेन्सिलींपेक्षा ५ ने जास्त आहेत. राजूकडे किती?' 'जास्त' पाहून बेरीज करणारं मूल १७ सांगतं; उत्तर ७. अशा मुलाकडून आधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत वदवून घ्या, मग दोन आडव्या पट्ट्या काढायला सांगा, मीनाची एक आणि राजूची एक. लांब कोणाची हे ठरलं की क्रिया आपोआप ठरते. आकडे झाकून वाचणं हाही चांगला उपाय. आकडे दिसले की काही मुलं वाचायचंच थांबवतात.

तिसऱ्या तपासणीत सगळं बरोबर आलेल्या मुलासाठी: महिन्यातून दोनदा घड्याळ समोर ठेवून अर्धा पेपर. पहिल्या फेरीत येणारी उदाहरणं, अडलेल्यावर खूण करून पुढे, शेवटची पाच मिनिटं फक्त उत्तर पटण्यासारखं आहे का ते बघायला. कच्चं काम कोपऱ्यात कोंबू न देता उजवीकडे समास आखून तिथे करू द्या.

आणि तुमचा स्वतःचा सूर तपासा. 'मलाही गणित कधी आलं नाही' हे धीर म्हणून बोललं जातं, पण मुलाला त्यातून सूट मिळते. पहिली-दुसरीतल्या मुलांवर झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत होते त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची धास्ती वाढली, असे पालक जिथे क्वचितच मदत करत होते तिथे तसं दिसलं नाही. तुम्हाला स्वतःला घाम फुटत असेल तर फक्त वेळ आणि जागा सांभाळा, शिकवणं दुसऱ्यावर सोपवा.

७. मागच्या इयत्तांतली गळती

सर्वांत वेळखाऊ म्हणून शेवटी. जो धडा अडतोय तो कशावर उभा आहे ते उलट दिशेने तपासा. शेकडेवारी अडली तर अपूर्णांक, अपूर्णांक अडले तर भागाकार, भागाकार अडला तर पाढे आणि स्थानिक किंमत. प्रत्येक थराची पाचच उदाहरणं द्या. पाचपैकी चार जिथे बरोबर येतात तिथे थांबा. त्याच्या वरच्या थरापासून काम सुरू करा. रोज दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते आठ आठवडे धरा. रविवारी सलग सव्वा तास हा याला पर्याय नाही. मधल्या दिवसांत विसरून पुन्हा आठवावं लागतं, त्यानेच ते टिकतं.

शाळेचा चालू धडा मात्र सोडू नका. मागची डागडुजी आणि पुढचा अभ्यास शेजारी-शेजारी चालतात. धाकट्या भावंडाचं पुस्तक मुलासमोर ठेवण्याऐवजी उदाहरणं साध्या कागदावर उतरवून द्या. मोठ्या मुलांना ते फार लागतं.

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

सहा आठवडे नेमाने करूनही त्याच चुका राहिल्या तर वर्गशिक्षक किंवा गणिताचे शिक्षक यांना भेटा. आठवड्यातल्या तीन बैठका रडण्यात संपत असतील तर सहा आठवडेही थांबू नका; घरातली दुसरी व्यक्ती किंवा शिकवणारं बाहेरचं माणूस बघा.

आठ-नऊ वर्षांचं मूल समोरच्या तीन-चार वस्तू एका नजरेत न ओळखता मोजत असेल, ३ + ४ दर वेळी बोटांवर करत असेल, ७ मोठे का ९ हे सांगायला अडखळत असेल, काट्यांचं घड्याळ शिकवूनही जमत नसेल, तर आणखी सराव देणं थांबवा. ही डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे गणनाच्या अध्ययन-अक्षमतेची चिन्हं असू शकतात. हुशारीशी किंवा आळसाशी तिचा संबंध नाही, आणि घरबसल्या तिचं निदान होत नाही. बालमानसशास्त्रज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक रीतसर चाचण्या घेतात. निदानासाठी अडचण नेमकी मदत देऊनही किमान ६ महिने टिकलेली असावी लागते, म्हणून तुम्ही काय केलं याच्या तारखा लिहून ठेवा. वाचन-लेखनातही अडचण असेल तर तेही सांगा. दोन्ही बरेचदा जोडीने येतात.

गणिताच्या दिवशी पोटदुखी, उलटी, शाळेला नकार असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक आधी, पाढे नंतर. आणि सगळ्याच विषयांत अचानक घसरण झाली असेल तर तिचं कारण गणितात शोधू नका. झोप, श्रवण, दृष्टी, वर्गातला त्रास यांपैकी काहीही असू शकतं.

कुणाकडेही जाताना न खोडलेली वही, तीन पेपर आणि श्रुतलेखनाचा कागद बरोबर न्या.